चार वाजताच्या तीन रेघा

११ फेब्रुवारी, मंगळवार

करीमभाई सकाळी लाकडी पेटी घेऊन आले. आत सतरा डायल, सगळे अडकलेले.

"एमआयडीसीतले लोक विचारून विचारून थकले, भाभी. रविभाई गेले, आता कुणाला द्यायचे? पुण्याला पाठवले की दोन दोन महिने येत न्हाईत. तुमचा हात हलका हाय. बघा जमलं तर."

करीमभाई टूलरूममध्ये तीस वर्षं यांच्या शेजारच्या लेथवर होते. हे निवृत्त होऊन घरच्या मागच्या खोलीत डायल दुरुस्तीला बसले, तेव्हा पहिलं गिऱ्हाईकही त्यांनीच आणलं होतं.

नांदेडच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, मालिनी, रोजनिशी अशी लिही की अनोळखी माणसालाही कळली पाहिजे. आणि खोटं लिहावंसं वाटलं तर पान कोरं सोड. म्हणून लिहून ठेवते. डायल म्हणजे मनगटी घड्याळापेक्षा जरा मोठी तबकडी. तिच्या खाली पेन्सिलीच्या टोकासारखी दांडी, ती आतबाहेर होते. दांडी जेवढी हलेल तेवढा काटा फिरतो. तबकडीवर शंभर रेघा, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. केसाहूनही बारीक. दांडीत धूळ बसली, तेल सुकलं, की ती अडकते आणि काटा खोटं बोलायला लागतो.

उघडायचं, धुवायचं काम यांनी मला शिकवलं होतं. वाचायचं काम यांचं.

वैजूला फोनवर सांगितलं. ती नांदेडहून म्हणाली, "आई, घर विकायचं बोलणं चाललंय आणि तू तिथं दुकान मांडतेस?"

बोलणं तुझं चाललंय, मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन डायल सुटले. मागचं झाकण काढलं, दांडी पेट्रोलमध्ये धुतली, जुन्या मलमलीच्या ओढणीनं कोरडी केली. दांडीला तेल लावायचं नाही, हा यांचा पहिला नियम. आतल्या चाकांच्या टोकांना घड्याळाचं तेल, तेही सुईच्या अग्रावर मावेल एवढंच. करीमभाई म्हणतात, "तेल दिसलं की आपल्या लोकांचा हात थांबत न्हाई. जसं काही डोक्यालाच लावून राहिले."

दुसरा नियम: रोज काम सुरू करताना बाहेरचं कडं फिरवून शून्य काट्याखाली आणायचं. मग दांडी बोटानं दाबून सोडायची. काटा शून्यावर परत आला, तर डायल मोकळा.

खोलीत बसलं की बरं वाटतं. यांचा स्टूल मी वापरत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज भिंतीवरचा डायल काढला.

किल्लारीच्या भूकंपात ही खोली आणि शेजारची खोली यांच्यामधली भिंत जिथे पश्चिमेच्या भिंतीला भेटते, त्या कोपऱ्यात भेग पडली होती. यांनी ती बुजवली. तरी त्यांच्या मनातून ती काही जाईना. शेवटी त्यांनी मधल्या भिंतीवर डायल घट्ट बसवला आणि त्याची दांडी पश्चिमेच्या भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला टेकवून ठेवली. रोज सकाळी चष्मा पुसून वाचायचे आणि वहीत लिहायचे. ती वही फळीवर आहे. अक्षर दिसलं की माझ्याच्यानं पुढे वाचवत नाही.

काढताना पाहिलं तर दांडी पट्टीला टेकलेलीच नव्हती. मध्ये हरभऱ्याची डाळ मावेल एवढी फट. दांडी आत दबलेल्या स्थितीतच अडकून बसलेली. डायल उघडला तर दांडीच्या नळीत पिवळा-लाल गोंद! मला हसूच आलं. खंडेनवमीला मी यांच्या सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू वाहत असे आणि वर शिवणयंत्राच्या बुधलीतलं एकेक थेंब तेल. हे कपाळाला हात लावायचे आणि नंतर एकेक गुपचूप पुसून ठेवायचे. यांच्या आजारपणाच्या आदल्या वर्षी भिंतीवरच्यालाही पूजेत घेतलं होतं. तो पुसायचा राहिला असणार.

कड्यावर लाल ठिपकाही होता, अर्धा कड्यावर, अर्धा डायलच्या अंगावर. माझंच नेलपॉलिश! वैजूच्या लग्नातलं. पेट्रोलनं पुसून टाकला.

परत बसवताना दांडी बोटानं आत दाबून धरली होती; सोडली तशी सुर्रकन बाहेर आली, पट्टीला टेकली. मोठा काटा उलटा चार-साडेचार वेळा गरगरला. एवढ्या दिवसांनी दम सोडल्यासारखा. तबकडीच्या पोटातला लहान काटा तीनच्या जवळ कुठेतरी थांबला. मला तो चष्म्यातूनही नीट दिसत नाही, आणि मोकळा झाला का ते पाहायला मोठा पुरतो.

कडं फिरवून शून्यावर आणला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कसं लिहू?

दुपारी चारला मी त्या खोलीत होते. उन्हं पश्चिमेच्या भिंतीवर आलेली. काटा सकाळी शून्यावर ठेवला होता. तो तीन रेघांवर होता.

हे बरोबर चार वाजता पेन्सिलीनं खिडकीच्या गजावर ठोकायचे. तीनदा. म्हणजे चहा आण.

पान कोरं सोडत नाही. जे दिसलं ते लिहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी शून्यावर आणते, चारला पाहते. तीन. चार. काल तीन. आज चार. मी दोन कप चहा केला. एक त्यांच्या स्टुलावर ठेवला.

मला कुणी वेडी म्हटलं तरी चालेल. सिस्टर म्हणायच्या, भुतं नसतात, आत्मे असतात, आणि आत्म्यांना भिण्याचं कारण नाही.

२ मार्च, रविवार

आजपासून रमजान. करीमभाईंनी निरोप दिला, आता ईदनंतरच येईन, रोजात तुमच्या हातचा चहा बघवत न्हाई. बरं झालं. त्यांना हे सांगायचं की नाही, कळत नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटवर पोकलेन आलं. मुलांच्या वसतिगृहासाठी खोल तळघर होणार म्हणे. दिवसभर धडधड. काळी माती ढिगानं निघते आहे, उन्हानं तडकलेली.

आवाज सुरू झाला की काटा थरथरतो. यांना गोंगाट कधीच सोसायचा नाही. आज सहा रेघा. रागावले असतील.

१३ मार्च, गुरुवार

शेजारच्या खोलीत भाडेकरू आहेत, कंधारकडच्या पारूबाई आणि त्यांची मुलगी अयोध्या. अयोध्या दवाखान्यात नर्स, महिनाभर रात्रपाळी. दिवसा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या खाटेवर झोपते. होळीच्या पोळ्या द्यायला गेले तर पारूबाई दारातच उभ्या.

"बाई, एक इचारू? रागवू नका. तुमच्या भिताडात कुनीतरी हाय."

"म्हणजे?"

"चुना झडून राहिला. दाराची कडी लावली तरी दार आपसूक उघडतंय. आन दुपारच्याला आतून टिक, टिक. पाली बी गेल्या सगळ्या. पालीला आधी कळतंय."

"जुनं घर आहे, पारूबाई. लाकूड उन्हानं फुगतं."

"लाकूड फुगतंय हो, पन भिताड उसासं टाकत न्हाई." त्यांनी पोळ्या घेतल्या आणि आवाज खाली आणला. "साहेबांची काही इच्छा ऱ्हायली होती का?"

मी रिकामं ताट घेऊन परतले. मनात मात्र आनंद झाला, हे इथं कबूल करते. मला एकटीलाच भास होत नव्हता.

दाराला त्यांनी लिंबू-मिरची बांधली आहे.

१८ मार्च, मंगळवार

अकरा रेघा. कालही अकरा.

जास्त वेळ थांबतात आता.

भेग जरा काळी दिसते. वर कॅलेंडर सरकवून लावलं.

२४ मार्च, सोमवार

वैजू आणि जावई आले होते. घराला गिऱ्हाईक आहे, पाडव्यानंतर बोलणी करायची म्हणतात. वैजू खोलीत आली, स्टुलावरचा गार चहा पाहिला.

"हा कुणाचा?"

"माझाच. विसरले."

रोजनिशीत खोटं लिहायचं नाही, पण मुलीशी बोलायला सिस्टरांनी बंदी घातली नव्हती.

"आई, इथं तुझं काय राहिलंय गं?" ती रडायला आली होती. "मी रोज नांदेडहून जीव मुठीत धरून फोन करते. तू उचलला नाहीस तर मी काय करू?"

मी म्हटलं, मी हे घर सोडणार नाही, आणि कारण विचारू नकोस. ती गेल्यावर चार वाजून गेले होते. एकोणीस रेघा. मी भिंतीला हात लावून म्हटलं, मी कुठे जात नाही हो.

भिंत उन्हानं गरम होती. अंगाला ताप आल्यासारखी.

२७ मार्च, गुरुवार

तेवीस. काटा जाताना मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. एक रेघ, थांबला, मग पुढची. कुणी बोट धरून नेतंय असा. मला भीती वाटली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. स्वतःच्या माणसाची भीती कशी वाटते, ते सिस्टरांनी सांगितलं नव्हतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

काही नाही. शून्य.

चहा केला, गुढीचा नैवेद्य स्टुलावर ठेवला, सहा वाजेपर्यंत बसले. काटा जागचा हलला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस झाले. शून्य. पोकलेन काल बंद होतं, आज सुरू झालं, तरी काटा थरथरतसुद्धा नाही.

वैजू घर विकायचं बोलली म्हणून का? की त्या दिवशी मी घाबरले, ते कळलं? मी त्यांना दुसऱ्यांदा घालवलं.

की नुसता अडकला आहे? मीच नीट धुतला नसेन. करीमभाई उद्या येतील, त्यांनाच दाखवते. काय म्हणायचं ते म्हणोत.

२ एप्रिल, बुधवार

सगळे सुखरूप. आज लिहवत नाही.

५ एप्रिल, शनिवार

करीमभाईंच्या घरी आहे. त्यांच्या बेगमनं, शहजादीनं, आपली खोली मला दिली. आता क्रमानं लिहिते.

बुधवारी तीनच्या सुमारास करीमभाई शिरखुर्म्याचा डबा घेऊन आले. मी डबा घेतला आणि त्यांना सरळ भिंतीशी नेलं. सगळं सांगितलं: चार वाजता, तीन रेघा, चहा. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "रोज सकाळी कडं फिरवलंत?"

"शून्यावर आणून मगच काम. यांचाच नियम."

"टेबलावरच्या डायलचा, भाभी. भिंतीवरच्याचा न्हाई. इथं लाल ठिपका होता. कडं कधी कुणी हलवू नये म्हणून भाईंनी माझ्यासमोर लावला होता."

मी नेलपॉलिशचं सांगितलं. ते पेन्सिल काढून म्हणाले, रोजच्या रेघा सांगा. मी ही वही उघडून वाचत गेले, मधल्या दिवसांच्या आठवून सांगितल्या, ते लिहीत गेले. मी रोज सकाळी शून्य करत होते, म्हणून मला रोज थोडंच दिसत होतं. बेरीज मी कधी केलीच नाही. बेरीज आली तीनशेच्या आसपास. तीन मिलिमीटर.

"छोटा काटा बघितला का कधी? मोठ्याची एक फेरी झाली की तो एक घर सरकतो. तो कडं फिरवलं तरी फसत न्हाई." त्यांनी मोबाइलचा उजेड पाडला. लहान काटा शून्यावर होता.

"पण आता तर हलतच नाही. अडकलाय ना?"

त्यांनी बोटानं दांडी दाबली, सोडली. मऊ गेली, मऊ परत आली. मग खिशातून ईदचं पाकीट काढून दांडी आणि पट्टी यांच्यामध्ये धरलं. सरळ आत गेलं. दोनदा दुमडून धरलं, तरीही गेलं.

"काटा अडकला न्हाई, भाभी," ते म्हणाले. "पोचत न्हाई. दांडी संपली. भिंत पुढे निघून गेली."

मी कॅलेंडर ओढलं. भेगेतून प्लॉटवरची उन्हं दिसत होती.

करीमभाईंनी डायल उपसला, खिशात टाकला, नुसता हाताच्या सवयीनं. "शेजारी कोण?" मी म्हटलं, अयोध्या, झोपली असेल. त्यांनी मला बाहेर काढलं आणि स्वतः प्लॉटकडे धावत खड्ड्यातल्या माणसांना ओरडू लागले, "वर या! मशीन बंद! भिंत येतेय!"

मी अयोध्याच्या दाराशी पोचले आणि हात उचलला, तोच दार उघडलं. ती केस विस्कटलेली, डोळे चोळत उभी.

"काकू, काय झालं? किती वेळ ठोकून राहिलात?"

"मी आत्ताच आले गं."

"भिंतीवर ठोकलं ना तुम्ही? तीनदा. परत तीनदा. दार खेचायला केवढा जोर लागला!"

मी तिचा हात धरून ओढत तिला रस्त्यावर आणलं. पारूबाई पाण्याच्या घागरी घेऊन येत होत्या. लेकीला अनवाणी रस्त्यात उभी पाहून त्या घागरी तिथंच ठेवून खाली बसल्या.

भिंत पडायला चारच वाजले होते का, ते मला सांगता येणार नाही. घड्याळ आत होतं. उन्हं मात्र तिच्यावर पूर्ण आली होती. आवाज फार झाला नाही. ती बाहेरच्या बाजूला वाकली आणि खड्ड्यात बसली, थकलेलं माणूस बसतं तशी. वरचा स्लॅब तुटून अयोध्याच्या खाटेवर आला. यांचा स्टूलही गेला, वर गार चहा होता तो.

पारूबाई शेवटी म्हणाल्या, "साहेब चांगलं मानूस. इच्छा पुरी करून गेलं." मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. महिनाभर मी त्यांच्या लेकीच्या उशाशी चहा ठेवत बसले होते.

८ एप्रिल, मंगळवार

आज करीमभाईंनी यांची वही वाचून दाखवली. ढिगाऱ्यातून त्यांनीच शोधून आणली.

पहिल्या वर्षी आकडा हळूहळू उतरत जातो, म्हणजे भिंत सरकत होती. मग खंडेनवमी. त्यानंतर रोज तोच आकडा, वर्षभर: सात पूर्णांक बासष्ट. शेवटच्या पानावर यांचं वाकडं झालेलं अक्षर: "भिंत शांत. आता घराची काळजी नाही."

हे मला दवाखान्यातही म्हणाले होते, घराची काळजी करू नकोस. मला वाटलं, धीर देत आहेत.

"दुसऱ्यांचा प्रत्येक डायल दाबून बघायचे," मी म्हटलं. "स्वतःचा कसा नाही दाबला?"

"भिंतीवरचा दाबायचा नसतो, भाभी. दाबला की वाचन मोडतं."

म्हणजे माझंच तेल. माझी हळद. मी करीमभाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वही मिटली. "ते अडकलं नसतं तर भाई त्या वर्षभर रोज सकाळी घाबरून उठले असते," ते म्हणाले. "तुमच्या तेलानं माणूस शांत झोपला. आता हे चांगलं की वाईट, अल्ला जाने."

आतून शहजादी म्हणाली, "अजी, त्यांना जेवू तर द्या, मग हिसाब लावा."

२२ एप्रिल, मंगळवार. नांदेड

वैजूचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. भिंती नव्या, गुळगुळीत, आणि मी त्यांना हात लावून पाहते हे वैजूनं पाहिलं. ढिगाऱ्यासकट प्लॉट गिऱ्हाइकाला द्यायचं ठरलं. मी सही केली.

काल संध्याकाळी माझ्या शाळेवरून गेलो. फाटक तेच. रंग बदलला आहे.

करीमभाईंच्या कुर्त्याच्या खिशात तो डायल राहिला होता. निघताना त्यांनी दिला. कड्यावर पुन्हा लाल ठिपका लावला आहे, या वेळी शहजादीच्या नेलपॉलिशचा. "आता फिरवू नका," म्हणाले. तो मी इथे शोकेसमध्ये मलमलीवर ठेवला आहे, पाठीवर निजवून. दांडी हवेत, कुठेही टेकलेली नाही. लहान काटा शून्यावर, मोठा शून्यावर. सकाळी भिंग घेऊन दोन्ही पाहिले. दिवसभर घरात मी एकटी होते आणि शोकेसची काच बंद होती.

चारला सवयीनं चहा ठेवला. एकच कप.

मग काचेतून पाहिलं. मोठा काटा तीन रेघांवर आहे.

कारण मला ठाऊक आहे. मलमलीचा एखादा तंतू दांडीत गेला की ती पूर्ण परत येत नाही, काटा दोन-तीन रेघा अलीकडे अडकतो. सतरा डायल असेच दांडी अडकून माझ्याकडे आले होते. बोटानं एकदा दाबून सोडला की कळेल. परत शून्यावर आला, तर काही नाही.

काच सरकवली. बोट पुढे नेलं.

मागे घेतलं. गॅसवर दुसऱ्या कपाचं पाणी वाढवलं आहे. दाबला की वाचन मोडतं.